बगळा असताना

सुखदानं हात वर केला आणि शेजारी बसलेल्या आईनं तो कोपराला धरून खाली ओढला.

"आपण पाहुणे आहोत," आई पुटपुटली.

"मी पाहुणी आहे. तू इथे नोकरी करतेस," सुखदा म्हणाली आणि तिनं दुसरा हात वर केला.

नोएडातल्या त्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या छोट्या थिएटरात नुकतेच दिवे लागले होते. अर्धवट तयार झालेला सिनेमा आधी कर्मचाऱ्यांच्या मुलांना दाखवायचा आणि ती काय म्हणतात ते ऐकायचं, अशी तिथली पद्धत. बरेचसे प्रसंग अजून राखाडी होते. रंग नाही, केस नाहीत, नुसत्या बाहुल्या हलत होत्या. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. 'बेस्ट', 'सुपर', 'मस्त' असं सगळं म्हणून झालं होतं. समोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या दिग्दर्शक धीरज सरांचा चेहरा एवढ्या कौतुकानं उलट उतरत चालला होता.

"हाँ, देवयानी की बिटिया. बोलो."

सुखदा उभी राहिली. दहावीत येईपर्यंत तिनं वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात वादविवाद स्पर्धेत एका आजारी मुलीच्या जागी तिला ऐनवेळी ढकललं आणि तेव्हापासून तिला गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नव्हतं.

"सर, वो शहर पूरा नमक का है ना? तो बीच में फव्वारा कैसे है?"

थिएटर हसलं. धीरज सरांनी कपाळावर हात मारला.

"इतने साल, यार! किसी ने नहीं पूछा! और?"

"और वो परछाइयाँ चुराने वाली बुढ़िया अँधेरी रात में ही क्यों आती है? तब परछाई होती कहाँ है?"

आता मागच्या रांगेतली मोठी माणसंही हसली. धीरज सर गुडघ्यांवर उठले होते. सुखदाला थांबवेना.

"और सर, वो लड़की, तारू, उसके पास बगुला है. बस जितना बड़ा. उस पर बैठकर वो बादलों के ऊपर तक गई. फिर बाढ़ वाली नदी पैदल क्यों पार करती है?"

या वेळी कुणी हसलं नाही. मागून एडिटरचा आवाज आला.

"सर, मिल गया. फ़िल्म लंबी हो रही थी ना? बाढ़ निकाल दो. कहानी को कुछ नहीं होगा."

"बगुला तो जा नहीं सकता," धीरज सर स्वतःशीच म्हणाले. "उसके खिलौने बन चुके हैं." त्यांनी देवयानीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "लंच के बाद बैठते हैं. आज ही फ़ाइनल कर देंगे."

पुराचा प्रसंग आईचा होता.

अख्ख्या सिनेमात पूर्ण तयार झालेला तेवढा एकच प्रसंग. तारू कंदील डोक्याच्या वर धरून छातीएवढ्या पाण्यातून चालते, कंदिलाचा उजेड गढूळ पाण्यात शिरतो आणि चहासारखा होऊन वर येतो. यमुनेला पूर आला होता तेव्हा आई रोज ऑफिसनंतर पुलावर जाऊन उभी राहायची, नुसतं पाणी बघत. घरी आली की भाजी चिरता चिरता थांबायची. सुखदाला हे सगळं ठाऊक होतं. फक्त उभी असताना आठवलं नाही.

खाली रस्त्यापलीकडे छोले-कुलच्यांची गाडी होती. लंचला दोघी तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक होती ती," सुखदा म्हणाली. "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही." आईनं कुलच्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "बगळा मलाही दिसत होता."

"मग?"

"मग काय? गोष्ट आमच्याकडे नसते. आम्ही लाइटिंगवाले. सांगितलं तेवढं करायचं."

"तेवढं? मग यमुनेवर कोण जात होतं?"

आई गाडीवरच्या चिरलेल्या कांद्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर सुखदाला सोपं गेलं असतं. सुखदानं स्वतःची प्लेट खाली ठेवली.

"थांब. प्रसंग चुकलेला नाहीये. त्याला कारण नाहीये फक्त. कारण शोधूया."

"आत्ता?"

"लंच संपायच्या आत."

बगळ्याचे पंख भिजलेत, म्हणून उडता येत नाही. पण ढगांतून गेला तेव्हाही भिजलाच असणार. सुखदानं स्वतःच ते खोडलं. बगळा आजारी आहे. पण नदीपलीकडे गेल्या गेल्या तो पुन्हा उडतो. बगळा पाण्याला घाबरतो.

"बगळा?" आई म्हणाली.

"अच्छा, नाही. बिल्कुल नाही."

"तूच वकील, तूच जज."

"श्शू. विचार करू दे."

आईच्या एका हातात प्लेट होती, दुसऱ्यात पाण्याची बाटली, आणि खांद्यावरून लॅपटॉपची बॅग घसरत होती. सुखदानं बॅग घ्यायला हात पुढे केला. आईनं न बघताच ती दुसऱ्या खांद्यावर ढकलली.

सुखदाचा हात तसाच राहिला.

"आई, लिफ्ट बंद होती तेव्हा तू सिलिंडर वर नेलास."

"ते कुठे आता मधेच?"

"शर्मा अंकल मागे मागे जिना चढत होते. 'भाभीजी, मैं ले लेता हूँ, भाभीजी, भाभीजी.' तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नको म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? जमत होतं मला. सवय लावून घेतली की..." आई थांबली. सुखदाचे बाबा पुण्यातल्या नोकरीवर गेल्यापासूनच्या बऱ्याच गोष्टी त्या वाक्यात येऊ शकल्या असत्या.

"झालं तर मग! तारूही नको म्हणते. बगळा येतो, पंख खाली टेकवतो, आणि ती नको म्हणते. एक शॉट, आई. फक्त एक!"

आईनं प्लेट आणि बाटली गाडीच्या कडेला ठेवली. तिचा डावा तळवा हवेत तिरका झाला, उतरत्या पंखासारखा. उजवा त्यावर टेकला, क्षणभर थांबला आणि मग हळूच त्याला बाजूला सारू लागला.

"बोलणार नाही ती," आई म्हणाली. "नुसता हात ठेवेल. कंदील खालच्या बाजूला. उजेड पिसांतून येईल, आधी पिवळा..." तिनं पुन्हा तळवा तिरका केला. "तिला बगळा आवडत नाही असं वाटता कामा नये."

"नाहीच वाटणार! चल, मी सांगते धीरज सरांना. दोन मिनिटांत पटवते."

"नको," आई म्हणाली.

दोघींनाही तो शब्द ऐकू आला.

स्पर्धेतल्या सुखदानं तो तिथल्या तिथे झेलला असता. तिच्या तोंडात उत्तर तयारही होतं. पण तिनं खालचा ओठ दातांत धरला.

आईनं हात पुसले. रिक्षा आणि स्कूटरच्या मधून वाट काढत तिनं रस्ता ओलांडला, एकदाही मागे न बघता. इमारतीचं काचेचं दार ढकललं, आत पाऊल टाकलं.

दार मिटलं नाही. ते पाठीनं अडवून आई उंबऱ्यातच उभी राहिली. आतला गारवा बाहेर चालला होता, गार्ड हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि ती रस्त्यापलीकडच्या सुखदाकडे बघत होती.