मागचं डावं चाक

गाडी लिफ्टवर चढली तशी आई खुर्ची सोडून थेट तिच्या खाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघू लागली.

"काकू, डोक्यावर गाडी आहे," मिस्त्री म्हणाला.

"असू दे. रोज काही ना काही असतंच डोक्यावर," आई म्हणाली; पण दोन पावलं मागे सरली.

लेक दारापाशीच थांबली होती. गाडी तिच्या बाबांची. ते गेल्यापासून ती रोज तीच घेऊन कामावर जात होती. ती सरळ न्यायची तर स्टिअरिंग जरासं उजवीकडे तिरकं धरावं लागे. बाबा वर्षानुवर्षं तसंच धरत आले होते आणि आता लेकीच्या हातालाही ते वळण लागलं होतं. सकाळी मनगट आपोआप तिरकं झालं की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही होतं असंही नाही.

आईला मात्र गाडी स्वतः चालवायची होती. लायसन्स होतं, सराव सुटला होता. तिनं किल्ली मागितली की लेक म्हणे, "गाडी एका बाजूला ओढते गं. तुला जमायचं नाही. आधी दुरुस्त होऊ दे." आणि दुरुस्ती पुढे ढकलत राही. शेवटी एका टायरवाल्यानं मागचा डावा टायर बाहेरच्या कडेला पार गुळगुळीत झालेला दाखवला, तेव्हा आईनं लेकीला न विचारता तिथूनच फोन करून चाकं सरळ करून देणाऱ्या ह्या दुकानातली वेळ घेतली.

चाकांचे कोन मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावर तीन चाकांचे आकडे हिरवे होते, एकाचा लाल.

"हे चाक पुढून आत वळलंय," मिस्त्रीनं बोट दाखवलं. "ते मागून गाडीला एकीकडे ढकलतं. म्हणून पुढे तुम्हाला स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. हा बोल्ट फिरवला की चाक सरळ. चहा होईपर्यंत मोकळे व्हाल."

त्यानं बोल्टाची आत्ताची जागा लक्षात राहावी म्हणून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, नट सैल केला आणि पाना लावला. बोल्ट थोडा फिरला. पाना सोडला, तर आपल्या जागी परत आला. त्यानं पुन्हा फिरवला, तो पुन्हा परतला.

"रुसलाय," आई म्हणाली.

"जाम झालाय काकू. आत रबर आहे, रबरात लोखंडी नळी. त्या नळीला हा गंजून चिकटलाय. मी फिरवतो तेव्हा नुसतं रबर पिळतं."

त्यानं तेल मारलं. चहा आला, पिऊन झाला. हातोडीनं ठोकलं. मग ज्योत लावली आणि जळक्या रबराचा वास दुकानभर पसरला. प्रत्येक वेळी लेकीचा श्वास अडकत होता, आणि बोल्ट हलला नाही की सुटत होता. बोल्ट सुटू नये असं आपल्याला वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं. तिला थोडी लाज वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

मिस्त्रीनं कपाळ पुसलं. "कापावा लागेल. बोल्ट जाईल आणि हा आडवा दांडाही बदलावा लागेल. नाहीतर आहे तसंच सोडतो, टायर तेवढे झिजत राहतील."

"राहू दे," लेक लगेच म्हणाली. "इतकी वर्षं चाललंच की."

आई वळली. "अगदी ह्यांच्यासारखी बोललीस." मग तिनं मिस्त्रीला विचारलं, "हे कधीपासून असेल असं?"

"गंज बघता बरंच जुनं दिसतंय. गाडी नवी होती तेव्हाच कशावर तरी आपटली असेल. नंतर कुणी हात लावलेला नाही."

"म्हणजे मी चालवत होते, तेव्हाही?"

"असणारच."

आईनं पडद्यावरच्या त्या लाल आकड्यावर बोट ठेवलं.

"मी शिकले ना, तेव्हा गाडी सारखी डावीकडे जायची," ती लेकीला म्हणाली. "हे शेजारी बसून म्हणायचे, गाडी व्यवस्थित आहे, तुझाच हात वाकडा आहे. मी घरी येऊन हाताकडे बघत बसायचे. मग एकदा कठड्याला घासली. त्या दिवशी किल्ली ह्यांच्याकडे दिली, ती दिलीच."

"बाबा असं म्हणायचे?"

"चिडून नाही गं. त्यांना खरंच तसं वाटायचं. त्यांच्या हाताला इतकी सवय झालेली, की ती ओढ त्यांना कळायचीच नाही." ती हसली. "आज असते ना, तर मशीनशी वाद घातला असता त्यांनी. मशीनच वाकडं आहे म्हणाले असते."

हसता हसता तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

लेकीला बाबांचा राग आला. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच. पण हा राग घेऊन जाणार कुठे? त्यांच्याशी आता भांडताही येणार नव्हतं. आणि 'तुला जमायचं नाही' हे गेले कित्येक महिने आईला कोण ऐकवत होतं?

"कापा," ती म्हणाली.

करवतीनं दात लावले तेव्हा कानठळ्या बसल्या. ठिणग्या उडाल्या, जुना दांडा खाली आला, नवा चढला, बोल्टाला भरपूर ग्रीस लागलं. पडद्यावरचा चौथा आकडा हिरवा झाला. मिस्त्रीनं बोल्टाचे तुकडे हातावर घेऊन दाखवले. "आठवण म्हणून नेता का?"

"काय उशाशी घेऊन झोपू?" आई म्हणाली.

लेक 'हो' म्हणणार होती. तोवर तुकडे भंगाराच्या डब्यात खणकन पडले होते.

तिनं किल्ली आईच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. आईनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, आरशात बघितलं, मग लेकीकडे बघितलं.

"उतर."

"अगं, पहिल्यांदाच चालवतेयस इतक्या दिवसांनी. मी काही बोलणार नाही."

"तू बोलणार नाहीस, पण श्वास घेशील. तो मला ऐकू येतो. उतर. बसनं ये."

लेक उतरली. आईनं गाडी सुरू केली, ती बंद पडली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. "थांब रे बाबा, पळून नाही चालले," असं म्हणत तिनं पुन्हा सुरू केली आणि गाडी रस्त्याला लावली. समोरचा रस्ता लांबपर्यंत सरळ होता. लेक फुटपाथच्या कडेला येऊन बघत राहिली. गाडी जरा हळूच, पण आपल्या रांगेत नीट चालली होती.

"काकूंचा इंडिकेटर चालूच राहिलाय," मिस्त्री तिच्यामागे येऊन म्हणाला. "फोन करून सांगता का?"

"नको," ती म्हणाली. "बघेल तिची ती."