तालमीचं तळं

आमच्या घरात सहलीला जायच्या आधी सहलीची तालीम होते. हसू आलं तर खुशाल हसा, लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, उभं आयुष्य नाटकांना प्रकाश देण्यात घालवलं. तालमीशिवाय पडदा वर जात नाही हे त्यांच्या हाडीमाशी इतकं मुरलंय, की नणंदेकडे जेवायला जायचं तरी दारातून कोण आधी निघणार हे आदल्या दिवशी ठरतं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ना, आमच्याकडे नमनालाच सगळं तेल संपतं.

या वेळची तालीम तळ्याची होती. गाडीनं दिवसभराच्या वाटेवर मोठं जंगल आहे, जंगलात तळीच तळी, आणि त्यातल्या एकाच्या काठावर तंबू भाड्यानं मिळतात. साधे तंबू नव्हेत. आत खरा पलंग, जाड उशा, कंदील, बाहेर बसायला लाकडी ओटा. याला ग्लॅम्पिंग म्हणतात.

"तंबूत पलंग?" बाबा म्हणाले. "मग घरानं काय घोडं मारलंय?"

"मी दिवसभर लाँड्रीत उभी असते, बाबा," मी म्हटलं. "मला निसर्ग आवडतो, पण पाठीखाली नको."

गंमत करत होते, पण जायची ओढ त्यांनाच होती. रंगमंचावर त्यांनी किती तळी केली असतील! पहाटेचं तळं, चांदण्यातलं तळं, नायिका जीव द्यायला जाते ते तळं. खरं मात्र एकही पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी नाटक असायचं आणि नाटकाच्या दिवशी सुट्टी नसायची.

आड आला तो माझा नवरा. तो लिफ्ट तपासतो. दिवसभर दोर, ब्रेक आणि दरवाजे बघून त्याची अशी खात्रीच झालीय की जगातली प्रत्येक गोष्ट तुटायला टेकली आहे. बाबांची नजर मंदावतेय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून तर त्यानं घरातली पायपुसणीसुद्धा उचलून ठेवली. बाबा म्हणायचे, "दिसतं रे मला, थोडं धूसर, एवढंच." शेवटी त्यानं अट घातली. तंबूपासून पाण्यापर्यंत बाबा आपले आपण, कोणाचा हात न धरता चालत गेले तर जायचं. नाहीतर नाही. तिथे दगड असतात, मुळं असतात, ओल असते. अट ऐकून मला राग आला, पण खोडून काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग दर रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात तळं भरायला लागलं. सोफा भिंतीला. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून तंबू. खिडकीजवळ जमिनीवर माझी निळी चादर, ते पाणी. वाटेत दगड म्हणून तीन उशा. पडदे ओढले की बाबा आपला जुना दिवा लावायचे, त्याच्यापुढे निळा जिलेटीन कागद लावायचे, आणि खाली पाण्याचा पसरट ट्रे ठेवायचे, त्याच्या तळाशी सपाट आरसा. ट्रेच्या कडेला बोटानं हलकेच टिचकी मारली की सगळ्या छतावर लाटा चालायला लागायच्या.

ते मला नीट सांगता येणार नाही. मी तंबूच्या तोंडाशी मांडी घालून बसायची आणि छताकडे बघायची. पंख्याची पाती पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. खाली रस्त्यावर कोणी गाडी सुरू केली तर पलीकडच्या काठावर नाव निघाल्यासारखं वाटायचं. आठवडाभराच्या वाफेनं आणि इस्त्रीनं आंबलेलं अंग हळूहळू सैल पडायचं. एकदा तर मला झोपच लागली, आणि जागी झाले तेव्हा क्षणभर मला खरंच कळेना आपण कुठे आहोत. मी सुखात होते, एवढं मात्र कळत होतं.

बाबा तंबूतून निघायचे, उशांना वळसा घालून चादरीच्या काठाशी जाऊन थांबायचे. दर वेळी बिनचूक. नवरा दाराशी हाताची घडी घालून बघायचा आणि "बरं" म्हणायचा. त्याचं "बरं" म्हणजे दुसऱ्याचं "वा".

काल शेवटची तालीम होती. तंबू हवा की नको हे तिथल्या व्यवस्थापकाला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. सकाळी नवऱ्यानं निळ्या चादरीवर चहा सांडला. डाग मला बघवत नाही, धंद्याची सवय, मी ती लगेच भिजत घातली. पाण्याच्या जागी पलंगावरची तपकिरी चादर अंथरली आणि बाबांना सांगायचं राहून गेलं. नवरा आतल्या खोलीत तिसऱ्या माणसासाठी घेतलेली हवेची गादी पंपानं फुगवून बघत होता, तिच्यात भोक असणारच अशी त्याला खात्री होती.

पडदे ओढले. दिवा लागला. छतावर लाटा आल्या. बाबा निघाले, उशांना वळसा घालून काठाशी थांबले आणि खाली बघून म्हणाले,

"वा! आज पाणी काय निळं उतरलंय."

मी चादरीकडे बघितलं. वाळलेल्या पानांच्या रंगाची होती ती.

माझा पारा चढला. इतके रविवार हा माणूस आम्हाला बनवत होता! घर त्यांना पाठ होतं. सोफा, टेबल, उशासुद्धा, कारण त्या मी दर वेळी त्याच जागी ठेवत होते. धूसर कसलं, काहीच दिसत नव्हतं.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "चादर आज तपकिरी आहे."

आतून पंपाचा फसफस आवाज येत होता.

"तपकिरीवर निळा टाकायचा नसतो," ते म्हणाले. "चिखल दिसतो."

"कधीपासून?"

"थंडी संपली तेव्हापासून. दिवा लागलाय एवढं कळतं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "त्याला सांगू नकोस गं. मला तळं बघायचं नाहीये. बघून बघून किती बघणार, शेकडो केलीत मी. पण एकात तरी पाय भिजले का? सगळी कोरडी. मला पाय भिजवायचेत, बास."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. गप्प बसले असते तर संध्याकाळी फोन झाला असता, तंबू पक्का झाला असता. आणि तिथे, ज्या जागी उशा मी ठेवलेल्या नाहीत तिथे, बाबा एकटे चालत सुटले असते.

पंप थांबला. नवरा गादी ओढत बाहेर आला. "भोक नाही," जरा निराश होऊनच तो म्हणाला. "काय, गेले बाबा पाण्यापर्यंत?"

"गेले," मी म्हटलं. "पण त्यांना दिसत नाही. अजिबात नाही."

बाबांनी मान खाली घातली. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले ते, आणि मला माझी जीभ चावून टाकावीशी वाटली. छतावरच्या लाटा तेवढ्या चालू होत्या.

गादी टाकून नवरा आत गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आवराआवर सुरू झाली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कामावरचा दोर होता. एक टोक त्यानं टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला, कमरेच्या उंचीवर. मग त्यावर आपलं सगळं वजन टाकून लोंबकळला. एकदा, पुन्हा एकदा. टेबल करकरलं, दोर हलला नाही.

"अट काय होती?" दोराकडेच बघत तो म्हणाला. "कोणाचा हात न धरता. दोर काही कोणाचा हात नाही."

त्यानं खिशातून फोन काढला. "नमस्कार, तंबूबद्दल बोलायचं होतं. हो, हवाय. पण मला सांगा, तंबूपासून पाण्यापर्यंत झाडं आहेत का? जाड आहेत? म्हणजे किती जाड?" तिकडचा माणूस चक्रावला असणार. नवरा खोडांची जाडी विचारत राहिला, आणि मध्येच तो पाठ करून उभा राहिला.

बाबांनी चाचपडत दोर धरला. पहिल्यांदाच ते आमच्यासमोर चाचपडले. टेबलापासून खिडकीपर्यंत सावकाश गेले, चादरीच्या काठाशी चपला काढल्या. मी उठून पाण्याचा ट्रे त्यांच्या पायांपुढे सरकवला. सरकवताच छतावरचं सगळं तळं फुटलं.

"पुढे पाणी आहे, बाबा. घाला पाय."

त्यांनी पाऊल उचललं. अंगठा पाण्याच्या अगदी वर आला, टेकणार एवढ्यात त्यांनी तो मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "ही तालीम आहे."