तुळईची आठवण

थोरल्याचा छापखाना वरच्या मजल्यावर, धाकट्याचं गाद्यांचं दुकान बरोबर त्याच्या खाली. मधली तुळई दोघांची. ती बोलते, असं धाकट्याचं म्हणणं.

"दादा, तुझं यंत्र सुरू झालं की वर कटकट ऐकू येते."

"घरून कानात घेऊन येत असशील."

शेवटी इंजिनियर भाचीला बोलावलं. ती दोघांचीही लाडकी, त्यामुळे निकाल कुणालाच नाकारता येणार नव्हता. तिनं खाली टेकू लावले, तुळईला बटणाएवढे सेन्सर चिकटवले आणि पेन्सिलीचं टोक तिच्यावर कट्‌कन मोडलं. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर नेमका त्याच जागी ठिपका उमटला.

"आत तडा सरकला की असाच बारीक आवाज होतो. तो कुठल्या सेन्सरला आधी पोचला, त्यावरून जागा सापडते," ती म्हणाली. "पण तुळईला आठवण असते, मामा. पूर्वी पेललेल्या ओझ्यापर्यंत धडधाकट तुळई गप्प बसते. त्याच्या आतच कुरकुरली, तर बिघाड. आजवर वर कागदाची थप्पी किती उंच गेली होती?"

थोरल्याच्या डोळ्यांपुढे कुलूप लागलेला छापखाना उभा राहिला.

"गुडघ्याएवढी. मी जपून वागणारा माणूस."

कामगार वर थप्प्या रचू लागले. गुडघ्यापर्यंत तुळई गप्प. कमरेपर्यंत आल्यावर मात्र मधोमध ठिपक्यांची गर्दी झाली.

"नवं ओझं म्हटल्यावर थोडी कुरकुर चालते," भाची म्हणाली. "टेकू काढू या."

"हरलो बाबा," म्हणत धाकट्यानं दुपारच्या झोपेचा पलंग बरोबर त्या जागेखाली सरकवला आणि आडवा झाला. विजय बघायला खाली आलेला थोरला त्याच्याकडे बघत राहिला. मग तुळईकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"ऊठ."

"का?"

"शाळा उघडायच्या आधी वह्यांचा कागद भरतो ना, तेव्हा थप्पी डोक्याएवढी जाते. दर वर्षी."

भाचीनं टेकूवरचा हात काढून घेतला. "म्हणजे हा तडाच, मामा. यंत्र आजपासून बंद."

थोरला पलंगाच्या कडेवर बसला. धाकट्यानं सरकून जागा दिली.

"गुडघा कुणाचा धरला होतास, दादा?"

"उंटाचा."



"दुरुस्ती झाली की यंत्र खाली आण," धाकटा म्हणाला. "माझ्या गाद्या वर जातील. हलक्या असतात."

"आणि तुझी झोप?"

"ती पण वर."

"मग सेन्सर राहू दे गं," थोरला भाचीला म्हणाला, "हा घोरतो."