गच्चीवरची सभा

माझी आई सोजरबाई ऐन उमेदीत तमाशाच्या फडात नाचायची. आम्ही कात्रजला नव्या इमारतीत राहायला आलो, ते १९८४ साल. तेव्हाच मी तिला बजावलं होतं, "इथं कुणाला सांगू नकोस." मी शाळेत शिक्षिका. तीन वर्षं ती गप्प राहिली.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नव्हतं. इमारत बांधली हिंदुरावांनी, टाकीची किल्लीही त्यांच्याकडेच. खाली त्यांच्या हॉटेलातले नळ मात्र दिवसभर वाहायचे. एका रविवारी गच्चीवर सभा भरली. मी उठून विचारलं, "पाणी कमी पडतं, की वर सोडतच नाही?"

हिंदुराव हसले. "प्रेमलाबाई, चारचौघांत तमाशा करू नका."

लोकही हसले. मी खाली बसणार, तोच आई उठली. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"हिंदुराव, मी बावीस वर्षं तमाशात नाचलेय. तमाशा काय असतो ते मला ठावं हाय."

मी मान खाली घातली.

"समोरून शिट्ट्या आल्या तरी आमचा ताल चुकत नव्हता. लेकीनं साधा सवाल इचारला, त्यात तमाशा कुठं दिसला? बतावणी मात्र तुमची चाललीय. आज मोटार जळाली, उद्या पाइप फुटला. आन् आमाला बादल्या घेऊन जिन्यावर नाचवताय."

"आता नाचणाऱ्या बायका आम्हाला शिकवणार?"

"शिकवत न्हाई. किल्ली मागतेय."

तेव्हा पहिल्या मजल्यावरचे रज्जाकभाई उठले. ते नळकाम करायचे. "वरचा कॉक बंद असतो. मी पाहिलाय," ते म्हणाले. "भीतीनं बोललो नव्हतो."

मग बायका उठल्या. हिंदुरावांनी किल्ली दिली नाही, फेकली. रज्जाकभाईंनी ती उचलली आणि कॉक फिरवला. आमच्या नळाला आधी गंजकं, मग स्वच्छ पाणी आलं.

सोमवारी बातमी माझ्याआधी शाळेत पोचली होती. एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या आई पूर्वी... म्हणजे काय करायच्या?"

"लावणी," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि फार सुरेख करायच्या."

संक्रांतीला चार घरांनी आम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आईनं आपल्या घरी बोलावणं केलं. अकरा जणी आल्या.