पिकअपच्या हीटरचा गोड वास

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मला बघायला कधी कुणी येतच नाही. पिकअप गाडीत बसल्यावर समोर जो काळा, लांबलचक डॅशबोर्ड दिसतो, त्याच्या अगदी पोटात माझी जागा असते. वहीएवढी उंची, दोन बोटे जाडी आणि अंगभर बारीक नळ्या, एवढाच माझा पसारा. माझी गोष्टही फार मोठी नाही. पण ती शेवटपर्यंत ऐका, आणि ऐकून झाल्यावर आपल्या घरात एक वस्तू आहे का ते तेवढे बघून या. कोणती, ते मी सांगेन.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गाडीचा नुसता सांगाडा समोर आला, तेव्हा कामगारांनी सगळ्यांत आधी मला बसवले. मग माझ्यावर पंखा आला, वायरींचे जाळे आले, काटे आले, रेडिओ आला, आणि शेवटचा स्क्रू आवळला तसा उजेड गेला. आपल्याला पहिल्यांदा बसवले म्हणजे आपला मान मोठा, असे मला तेव्हा वाटले. पुढे नऊ वर्षे मी अंधारातच होतो. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

आमची पिकअप एका काचवाल्याने घेतली. खिडक्यांच्या काचा मापाने कापायच्या, मागच्या लाकडी चौकटीत उभ्या बांधायच्या आणि घरोघर जाऊन बसवायच्या, हे त्याचे काम. शेजारच्या सीटवर त्याचे वडील बसत. त्यांना तो आबा म्हणे. धंदा मुळात आबांचा. काचेवर कटर फिरला की त्या आवाजावरूनच तुकडा सरळ निघणार की वाकडा, हे ते पाठमोरे असताना सांगत. दोघांच्या मध्ये, पायाशी, भुंग्या नावाचा कुत्रा अंगाचे मुटकुळे करून झोपायचा.

माझे काम साधे होते. इंजिन तापले की त्याचे गरम पाणी एका नळीतून माझ्या अंगात यायचे, माझ्यामागचा पंखा फिरायचा आणि माझी ऊब आत बसलेल्यांच्या पायांना लागायची. काचेवर धुके धरले तर तेही मीच पुसायचो. डोंगराकडच्या वस्त्यांवर थंडी अशी पडायची की सकाळी दाराची कडी हाताला चिकटायची. आबा गाडीत बसले की आधी बूट काढत, मग मोजे, आणि उघडी पावले माझ्यासमोर धरत. "अरे, हिच्यात बसलं की उठावंसंच वाटत नाही," असे ते रोज म्हणत. मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या भेगाळलेल्या टाचा मी चांगल्या ओळखत होतो. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल तर तेवढेच, आणि मला ते पुरेसे होते.

मग आबा विसरू लागले. आधी मापे विसरले, मग रस्ते. एका फेरीत तीन-तीनदा विचारायचे, "आज कुठल्या घराच्या खिडक्या?" काचवालाही तीन-तीनदा तेच उत्तर द्यायचा, आवाज न चढवता. त्यातच आबांना मधुमेह झाला. जेवल्याचे विसरणारे आबा गोडाची आवड मात्र विसरले नाहीत. सूनबाईंनी साखरेचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. आबांना घरी एकटे सोडायची सोय राहिली नाही, म्हणून ते रोज गाडीतून फिरायचे. गाडीत गोड काहीच नाही, असे सगळ्यांना वाटत होते.

नवव्या वर्षी माझी एक नळी झिजली. सुईच्या टोकाएवढे भोक पडले आणि पहिला थेंब आबांच्या बाजूच्या पायपुसण्यावर पडला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. माझ्या अंगातून वाहते ते नुसते पाणी नसते. ते गोठू नये म्हणून त्यात कूलंट घातलेले असते. त्याचा रंग सरबतासारखा हिरवा आणि चव गोड. आणि ते विष असते. थोडेसेही पोटात गेले तरी ते आतून मूत्रपिंडे बंद पाडते.

दोन दिवसांत गाडीभर गोडसर वास सुटला. "कुणीतरी पाक करतंय," आबा खुशीत म्हणाले. समोरची काच आतून तेलकट होऊ लागली. अख्ख्या गावाच्या काचा लख्ख करणारा माणूस स्वतःच्या काचेपुढे दर दहा मिनिटांनी फडके घेऊन वाकू लागला. सूनबाई त्याला चिडवायच्या, "अहो, एखादा चांगला काचवाला बघा की." तो हसायचा, पण तो गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला.

तिथल्या माणसाने कागद चाळले. "वॉरंटी संपून चार वर्षं झाली, साहेब. हीटर बदलावा लागेल. हीटर तसा स्वस्त आहे. पण तो काढायचा म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. दोन दिवसांची मजुरी." मग त्याने मजुरीचा आकडा सांगितला. "एवढ्यात तर मी अख्ख्या शाळेच्या काचा बदलून देईन," एवढेच काचवाला म्हणाला आणि त्याने गाडी वळवली. तेव्हा मला माझा मान कळला. ज्याला सगळ्यांत आधी बसवतात, त्याच्यापर्यंत पोचायला सगळी गाडी उकलावी लागते.

गावाच्या टोकाला एका बाईंचे गॅरेज होते. सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंनी वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "हीटरच गळतोय असं दिसतंय. पण खात्री झाल्याशिवाय मी एवढं काम तुमच्या गळ्यात मारणार नाही. या कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून देते. आठ दिवस कमी पडेल तसं वर घालत राहा. मग निळ्या दिव्याखाली बघू, जिथून गळतंय तिथे चमकेल." त्यांनी कूलंटचा मोठा डबा त्याच्या हाती दिला. "आणि हे डब्यातच ठेवा. दुसऱ्या कशात ओतू नका."

"नाही हो," काचवाला म्हणाला.

पण डबा जड होता, सीटखाली मावत नव्हता, आणि काचांच्या फळीवर ठेवला तर कलंडायचा. तिसऱ्या दिवशी मी ओतण्याचा आवाज ऐकला. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत त्याने कूलंट भरले, झाकण लावले आणि बाटली दाराच्या कप्प्यात ठेवली. आबांच्या दाराच्या.

त्याच आठवड्यात भुंग्या गेला. मी त्याची जीभ पायपुसण्यावर चपचप चालताना ऐकत होतो, रोज, सगळ्या वाटेने. एका सकाळी तो धडपडत चढला, दुपारी उठला नाही. "म्हातारा झाला होता," काचवाला म्हणाला, आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून रडला. त्याने पायपुसणे धुतले, ते कुत्र्याचे केस निघावेत म्हणून. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण हीटरला गळण्याखेरीज दुसरी भाषा येत नाही, आणि ती मी कधीपासून बोलत होतो.

आठवा दिवस. एका घराची खिडकी बसवायची होती. "आबा, अर्ध्या तासात आलोच. दार उघडू नका," असे सांगून काचवाला काच घेऊन गेला. गाडी गार पडत चालली. आबांनी पावले माझ्यासमोर धरली, पण इंजिन बंद होते, माझ्याकडे द्यायला काही नव्हते. थोड्या वेळाने त्यांचा हात दारावर फिरला. मग झाकण फिरल्याचा आवाज आला. मग एक घोट. थोडे थांबून आणखी एक. "वा," आबा हळूच म्हणाले. झाकण पुन्हा लागले.

काचवाला परतला तेव्हा आबा गुणगुणत होते. जीभ थोडी जडावली होती. "आज स्वारी खुशीत आहे," तो म्हणाला. त्याला बरे वाटले, हे मला आवाजावरून कळत होते. घाटात काच धुक्याने पार आंधळी झाली आणि गाडी कठड्याला घासता घासता वाचली. तेव्हा त्याने ठरवले, आता पुरे, मजुरी लागेल तेवढी लागो. तो घरी न जाता थेट ताईंच्या गॅरेजला आला. त्याने ते ठरवले नसते तर मला ही गोष्ट सांगावीशी वाटली नसती.

ताईंनी आबांना स्टुलावर बसवले आणि समोरचा कप्पा उचकटला. नऊ वर्षांनी माझ्यावर फटीतून उजेड पडला. मग त्यांनी शटर अर्धे ओढले आणि निळा दिवा लावला. माझी झिजलेली नळी हिरवी चमकली. खाली गाडीचा पत्रा चमकला. "हे बघा," ताई म्हणाल्या, "हाच तो."

"काय आहे, बघू," असे म्हणत आबा उठून मध्ये वाकले.

ज्यांच्या पायांना मी नऊ वर्षे ऊब दिली, त्यांचा चेहरा मी असा पहिल्यांदा पाहिला. चांगला, साधा, सुरकुतलेला चेहरा होता. आणि त्यांचे ओठ हिरवे चमकत होते. हनुवटीवर एक ओघळ चमकत होता. सदऱ्याच्या कॉलरवर तीन ठिपके होते.

ताईंनी दिवा तसाच धरून अगदी हळू विचारले, "आबा, तुम्ही काय प्यालात?"

"सरबत," आबा म्हणाले. त्यांनी मुलाकडे पाहिले. "तूच ठेवलं होतंस ना माझ्यासाठी?"

काचवाल्याने दाराच्या कप्प्यातली बाटली काढून ताईंपुढे धरली. ताईंनी वेळ घालवला नाही. त्यांनी आपल्याकडच्या कूलंटच्या डब्यावरचे लेबल फाडून खिशात घातले, बाटली घेतली, आणि दोघांना आपल्या गाडीत बसवून दवाखान्याकडे निघाल्या. शटर उघडेच राहिले. निळा दिवा फरशीवर जळत राहिला आणि त्या उजेडात माझ्यातून एकेक थेंब खाली पडत राहिला.

आबा वाचले. लेबल हातात होते म्हणून डॉक्टरांना औषध ताबडतोब ठरवता आले, असे ताई कुणाला तरी सांगत होत्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. तोवर मी बाहेर निघून ताईंच्या फळीवर आलो होतो. माझ्या जागी नवा हीटर गेला होता.

दहा दिवसांनी काचवाला आबांना घेऊन गाडी न्यायला आला. तो वाळला होता. ताईंशी तो बोलत असताना आबा फळीपाशी आले. त्यांनी मला दोन्ही हातांत उचलले, नाकाशी नेले, आणि एखादी नवीच गोष्ट कळल्यासारखे मुलाला म्हणाले, "अरे, हे गोड आहे."

त्यांना काहीही आठवत नव्हते.

काचवाल्याने मला त्यांच्या हातून काढून घेतले. मग त्याने आबांना नळापाशी नेले आणि साबण लावून त्यांचे एकेक बोट धुतले, नखांच्या खाचा धुतल्या. आबा लहान मुलासारखे हात पुढे करून उभे होते. "आबा, मी चुकलो," तो म्हणाला. आबांनी विचारले, "आज कुठल्या घराच्या खिडक्या?"

ताईंनी मला भंगाराच्या गोणीत टाकले. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी विनवतात की आम्हाला टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. माझी जागा इथेच आहे. मागणे एवढेच आहे की गाडीत गोड वास आला तर कानाडोळा करू नका, आणि विषाला कधी पाण्याच्या बाटलीत घालू नका.

कारण गोणीतूनही मला ऐकू येते. काल ताई एका ट्रकखाली ठोकाठोक करत होत्या. एक गिऱ्हाईक आले. "ताई, जरासं कूलंट घेतो हो," ते म्हणाले. ताईंना ऐकू गेले नाही. मग मी तो ओतण्याचा आवाज ऐकला, आणि झाकण फिरल्याचा. "मावलं बघा बरोब्बर, पाण्याच्याच बाटलीत," असे स्वतःशीच म्हणत ते गेले.

ती बाटली कुणाच्या घरी गेली, मला माहीत नाही. तुम्ही तेवढे आपल्या घरात बघून या.