भिंतीतला कॉम्प्युटर

"सरका, सरका! काड्या हलायला लागल्या!"

हॉलोवे काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत सोमवारी सकाळी हातातली कामं टाकून चाळीसेक माणसं तळमजल्यावर जमली होती. मधोमध पाणाड्या व्हर्जिल स्टूट, दोन्ही मुठींत पितळेच्या वाकवलेल्या काड्या, डोळे अर्धे मिटलेले. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात विहीर खणायची तर आधी व्हर्जिलला बोलवायचं, अशी रीतच. इथे कुठेही खणलं तरी पाणी लागतं, हे मात्र कुणी बोलायचं नाही! काउंटीच्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला, तर कमिशनर डेल्बर्ट क्रूस यांनी त्यालाच गाठलं.

"वीज म्हणजे तरी काय, मंडळी? पाणीच. वाहतं, साचतं, नासतं. मला आपला वास येतो," व्हर्जिल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मागच्या सोमवारी त्याने दोन विसरलेले कॉम्प्युटर हुडकून दिले होते. एक जुन्या दप्तरांच्या खोलीत खोक्यांमागे, दुसरा जिन्याखाली. दोन्ही चालू, दोन्हींत अँटीव्हायरस नाही. लोकांनी तोंडात बोटं घातली होती.

आज काड्या एकमेकींवर आडव्या पडल्या त्या अल्बिना नोव्होत्नीच्या टेबलापाशी.

"खोट यंत्रात नाही," व्हर्जिलने सुस्कारा सोडला. "बाईंच्या हातात आहे. हातातून उतरतंय."

अल्बिनाने आपल्या हातांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं त्या हातांनी काउंटीतल्या जमिनींची खरेदीखतं नोंदवली होती. टेबलावर तिने घरून आणलेले कोलाचे होते, आलुबुखारचं सारण भरलेले गोड पाव. दर सोमवारी नऊच्या आत फन्ना उडायचा. त्या दिवशी संध्याकाळी परात तशीच भरलेली घरी गेली.

"काहीतरीच काय!" गर्दीतून जोलीन ओरडली. सगळ्या इमारतीचे कॉम्प्युटर सांभाळणारी ती एकटीच. "डेल्बर्ट, हा शुद्ध गाढवपणा आहे. मी दर आठवड्याला यादी काढते..."

"तुझ्या यादीत नुसते आकडे असतात, जोलीन. व्हर्जिलने माझ्या वडिलांची विहीर दाखवली होती," कमिशनर म्हणाले आणि अल्बिनाला 'थोडे दिवस' घरी बसायला सांगून मोकळे झाले.

गुरुवारी जोलीन अल्बिनाच्या घरी गेली. अल्बिनाने भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घातले होते. पाळण्यात तीन आठवड्यांची नात, कालच पहिल्यांदा आजीकडे आलेली, रडत होती आणि आजी लांब भिंतीला टेकून उभी.

"अगं, घे ना तिला!"

"नको. मी हात लावत नाही तिला."

"अल्बिना, कॉम्प्युटरचा व्हायरस माणसाला होत नाही गं!"

"मग काड्या माझ्याचपाशी का वळल्या? सांग ना, चाळीस माणसांत मीच का?"

जोलीनने पुढे होऊन पाळणा हलवला. तिला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पडद्यासमोर बसली. अँटीव्हायरसचं सगळं नियंत्रण या एका जागेवरून चालायचं. दर सोमवारी हा प्रोग्राम इमारतीच्या जाळ्यातला एकेक पत्ता ठोठावायचा. जो कॉम्प्युटर ओ देईल त्याचं नाव यादीत, शेजारी मजला आणि खोली. संरक्षण नसलेले सर्वांत वर. जोलीनने जुनी यादी उघडली. पहिली ओळ: दप्तरखोली. दुसरी: जिन्याखाली. तिसरी: नोव्होत्नी, तळमजला, एक्केचाळीस व्हायरस.

तिने कपाळावर हात मारला. लोकांनी वाचावी म्हणून तिनेच ही यादी दर सोमवारी साडेसातला बाहेरच्या प्रिंटरवर आपोआप छापायची सोय केली होती. अकरा सोमवार कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्रिंटर कॉफीच्या यंत्राशेजारी होता, आणि व्हर्जिल यायचा तो आधी कॉफी घ्यायला.

मग जोलीनने यादीत सर्वांत वर एक ओळ स्वतः घातली: ज्युरीची खोली, उत्तरेची भिंत.

सोमवारी काड्या थरथरत निघाल्या त्या थेट ज्युरीच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीपाशी. "आत आहे! श्वास घेतंय!" व्हर्जिल म्हणाला. कमिशनरनी सुतार बोलावून भिंत फोडली. आतून निघालं उंदराचं घरटं आणि सोड्याची एक जुनी बाटली.

"ही ओळ मी लिहिली," जोलीनने कागद वर धरला. "असा कॉम्प्युटर जगात नाही. काढा व्हर्जिल, तुमच्या खिशातला कागद काढा."

व्हर्जिलचा हात आपसूक खिशावर गेला. "शंकेखोर माणूस जवळ असला की काड्या बिथरतात," तो पुटपुटला आणि टोपी उचलून चालता झाला.

"आणि ते एक्केचाळीस व्हायरस अल्बिनाच्या कॉम्प्युटरने पसरवले नाहीत, पकडले! नोंद आहे इथे. आले कुठून? कमिशनर दर सोमवारी घरचा लॅपटॉप आणून जोडतात, त्यातून."

डेल्बर्ट लालबुंद झाले. "बोलवा अल्बिनाला परत," एवढंच म्हणाले. माणसं पांगली. जाता जाता एक बाई म्हणालीच, "पण त्याच्या विहिरींना पाणी लागतं ना?"

जोलीन कागद घेऊन अल्बिनाकडे धावली. अल्बिनाने तो दोनदा वाचला.

"पटतंय गं मला सगळं," ती म्हणाली. उजव्या हाताचा मोजा ओढला, अर्ध्यावर आणला आणि पुन्हा चढवला. "पण हातच ऐकत नाहीत."

मग तिने नातीला उचललं.

कुणी काही अद्भुत शोधून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: तुला हे कुठून कळलं? त्या पहिल्या दोन सोमवारी हा प्रश्न जमलेल्यांतल्या एकानेही विचारला नाही, जोलीननेसुद्धा नाही. विचारला असता, तर त्या बाळाला आजीने पहिल्यांदा उचललं ते रबरी हातमोजे घालून उचललं नसतं.