कर्नाळ्याच्या खिंडीत न लागलेला लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅमर आहे. हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर संगणकापुढे बसलेला एखादा चष्मेवाला माणूस आला असेल. मी तसा नाही. मी तळहाताएवढा काळा डबा आहे. मला एक छोटा पडदा, चार बटणे आणि एक जाड वायर आहे. हल्लीच्या गाड्यांच्या पोटात एक लहानसा संगणक असतो. इंजिनाला डिझेल किती द्यायचे, पंखा कधी लावायचा, धोक्याचा दिवा कधी पेटवायचा, हे सारे तो ठरवतो. माझी वायर स्टिअरिंगखालच्या खाचेत लावली की मला त्याचे आकडे वाचता येतात आणि बदलताही येतात. माझी ताकद एवढीच. माझी लाजही त्यातूनच आली.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी शारजाच्या एका दुकानात आलो. २०१३ साली तौसीफने मला कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून पनवेलला आणले. तौसीफ हा वहाब मेस्त्रींचा मेहुणा. मेस्त्रींचे गॅरेज करंजाडेच्या रस्त्यावर होते. मला मागवले होते ते मात्र त्यांच्या एका गिऱ्हाइकाने, गव्हाणच्या प्रितमने. प्रितम सव्वीस वर्षांचा होता. त्याने नवी जीप घेतली होती आणि तिला हौसेने मोठे टायर बसवले होते.

माझे पहिले काम सरळ होते. टायर मोठे झाले की गाडी पळते जास्त आणि वेगाचा काटा दाखवतो कमी. मेस्त्रींनी मला जोडले, आधी गाडीचे मूळचे सगळे आकडे माझ्यात जपून ठेवले, मग टायरचे नवे माप भरले. काटा पुन्हा खरे बोलू लागला. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! माझ्यासारखा डबा एका वेळी एकाच गाडीशी जोडला जातो. म्हणून मी त्या जीपमध्येच, डॅशबोर्डच्या खणात राहू लागलो.

तिथेच मला काशीरामबाबा भेटले. ते प्रितमचे वडील. उभे आयुष्य मिठागरात गेलेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते हट्टाने गाडी शिकले. सोमवारी सकाळी ते बायकोला, सत्यवतीबाईंना, शेजारी बसवून पनवेलच्या बाजारात नेत. चाळीसच्या वर काटा जाऊ देत नसत. दर थोड्या वेळाने डॅशबोर्डवरच्या सगळ्या दिव्यांवरून त्यांची नजर फिरे.

"पुढं बगा की, दिव्यांकडं काय बगताय?" सत्यवतीबाई म्हणत.

"दोनीकडं बगतो मी," बाबा हसून सांगत. "मेस्त्रीनं शिकवलंय. लाल दिवा लागला का गाडी बाजूला घ्यायची."

पुढच्या पावसाळ्यात प्रितमला चिखलातल्या शर्यतींचे वेड लागले. पहिल्याच शर्यतीत तो मागे पडला. गुडघाभर चिखलात इंजिन तापले आणि संगणकाने आपोआप त्याचा जोर कमी केला. प्रितम तावातावाने गॅरेजमध्ये आला.

"मेस्त्री, ऐन वेळेला गाडी दम सोडते."

"दम सोडत नाही रे. स्वतःचा जीव वाचवते ती," मेस्त्री म्हणाले.

"मंग नका वाचवू म्हनावं. डबा हाय ना? वाढवा ती लिमिट."

मेस्त्री बरेच दिवस नाही म्हणत राहिले. प्रितम रोज येऊन बसू लागला. शेवटी त्यांनी मला खणातून काढले. डिझेल वाढवले. इंजिन किती तापल्यावर जोर कमी करायचा आणि लाल दिवा पेटवायचा, तो आकडाही खूप वर नेला. माझ्या पडद्यावर इशारा आला होता. मेस्त्रींनी बटण दाबून तो घालवला.

"फक्त शर्यतीपुरतं," ते म्हणाले. "डबा जोडलेला ठेव, तापमान त्याच्यावर दिसेल. आणि शर्यत झाली की आण, मी जुने आकडे टाकतो. तोवर तुझ्या बाबांच्या हातात गाडी देऊ नकोस, तुला खुदाची कसम."

प्रितम जिंकला. गव्हाणच्या नाक्यावर त्याचा जीपसकट फोटो असलेला बॅनर लागला. मित्र मला हातात घेऊन बघत, कौतुकाने माझ्यावरून बोट फिरवत. खरे सांगतो, मी फुशारलो. एक शर्यत झाली, दुसरी झाली. जुने आकडे टाकायला कुणी गेले नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळून बसला, तोही कुणी धुतला नाही. शर्यती संपल्यावर माझी वायर गुंडाळून मला पुन्हा खणात टाकले. सोमवारच्या बाजाराला जीप पुन्हा बाबांच्या हातात आली. प्रितमने त्यांना काहीच सांगितले नाही.

मग २०१५ चा मे महिना आला. पेणला नात्यातली हळद होती. बाबांनी जीप काढली. शेजारी सत्यवतीबाई, मागे गोदूबाई आणि मालू या नात्यातल्या बायका आणि त्यांची पोरे. गोवा हायवेचे काम चालू होते. भर दुपारी कर्नाळ्याच्या खिंडीत वाहतूक तुंबली. एसी चालू, गाडी भरलेली, चढ, आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी बंद खणात होतो, पण इंजिनाचा बदललेला आवाज मला कळला. जुने आकडे असते तर लाल दिवा केव्हाच लागला असता. तो लागला नाही, कारण मीच त्याला तसे शिकवले होते.

बॉनेटमधून वाफ आली तशी बाबांनी गाडी कडेला घेतली. आधी सगळ्या पोरांना खाली उतरवले. मग त्यांनी बॉनेट वर केले, आणि त्याच क्षणी पाण्याचा पाइप फुटला. उकळते पाणी त्यांच्या उजव्या हातावर आले. सत्यवतीबाईंची किंकाळी मी आजही विसरलेलो नाही. एका टेम्पोवाल्याने बाबांना दवाखान्यात पोहोचवले. जीप ओढून गॅरेजमध्ये आणली.

आठ दिवसांनी बाबा हाताला बँडेज बांधून गॅरेजमध्ये आले. सोबत प्रितम होता.

"मेस्त्री, दिवा लागला नाय," बाबा म्हणाले. "मी बगत व्हतो. शपथ घेऊन सांगतो."

मेस्त्रींनी प्रितमकडे पाहिले. प्रितम टायरला बोट लावून उभा होता. तो म्हणाला, "लागला असंल, बाबा. ट्रॅफिकमंदी तुमचं लक्ष नसंल."

"नाय रं..."

"वय झालंय आता. व्हतं असं."

मेस्त्री काहीतरी बोलणार असे मला वाटले. पण ते खाली वाकून जमिनीवरचे नट-बोल्टचे पाने गोळा करू लागले.  बाबांनी डाव्या हाताने खिशातली चावी काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

"आसंल बाबा. माजीच नजर गेली आसंल."

मित्रांनो, त्या गॅरेजमध्ये खरे माहीत असणारे तिघे होते. दोघांना तोंड होते. मला पडदा होता, पण तो विझलेला होता.

इंजिन दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. एके दिवशी सत्यवतीबाई जीपमध्ये राहिलेली आपली पिशवी न्यायला आल्या. मेस्त्रींनी बाबांची चौकशी केली.

"हात भरून आलाय," त्या म्हणाल्या. "पन मानूस निराळाच झालाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलं. त्यो म्हनला, नजर चांगली हाय. तरी ह्यांना पटत नाय. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, चार चारदा मला इचारतात. हिशेबानं तर माझ्यावर चिडायला पायजे व्हतं, हळदीला चला म्हनून मीच मागं लागलेली. तर ह्ये सोताशीच रागावतात."

त्या गेल्यावर मेस्त्रींनी मला खणातून काढले. माझ्यावरची धूळ पुसली. जोडले. पडद्यावर तो वाढवलेला आकडा आला. "या अल्ला, काय केलं मी," एवढेच ते पुटपुटले. मग त्यांनी मूळचे सगळे आकडे परत टाकले आणि जीप घेऊन थेट गव्हाण गाठले.

बाबा ओट्यावर बसले होते. प्रितम मोटरसायकल धूत होता. मेस्त्री मला हातात घेऊन अंगणात उभे राहिले.

"काका, दिवा लागलाच नव्हता. तुमची नजर साफ आहे. या डब्यानं मी तो लागायचा आकडा वाढवला होता. मी त्या दिवशी गप्प बसलो. मला माफ करू नका, पण हे ऐकून घ्या."

सत्यवतीबाई दारात आल्या. बाबांनी मेस्त्रींचे सगळे बोलणे ऐकले. मग ते मुलाकडे वळले.

"तुला ठाव व्हतं?"

प्रितमने होकाराची मान हलवली.

"मंग त्या दिवशी बोल्लास का नाय?"

"लाज वाटली, बाबा."

"आनि मला दोन महिनं वाटली ती?"

प्रितमच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. तो रडत होता. बाबांनी त्याला जवळ घेतले नाही, ते रागावलेही नाहीत. उजव्या हाताची बोटे अजून नीट मिटत नव्हती; त्याच हाताने त्यांनी मला घेतले आणि उलटसुलट पाहिले.

"ह्याला काय कळतं? सांगितलं तसं त्यानं केलं," ते म्हणाले आणि त्यांनी मला मेस्त्रींकडे परत दिले.

त्यांनी मला निर्दोष ठरवले. मला मात्र ते अजून पटलेले नाही. मेस्त्रींनी पुन्हा कधी कुठल्या गाडीची धोक्याची मर्यादा वाढवली नाही. काशीरामबाबा पावसाळ्यानंतर पुन्हा गाडी चालवू लागल्याचे मी ऐकले. बापलेकांचे बोलणे पहिल्यासारखे झाले की नाही, ते मला ठाऊक नाही. मी आता गॅरेजच्या कपाटात आहे.

मित्रांनो, गाड्यांना ताकद द्या, हवे तर माझ्यासारख्याची मदत घ्या. पण दुसऱ्याला सावध करणारा दिवा आपल्या हौसेसाठी विझवू नका. आणि एखादा म्हातारा माणूस शपथेवर सांगत असेल की मी बघत होतो, तर त्याचे डोळे तपासण्याआधी आम्हा यंत्रांना तपासा.